नानाजींचा डावा हात

आमच्या घरी कोणतंही मशीन नानाजींचा डावा तळवा लागल्याशिवाय पास होत नाही. नानाजी म्हणजे माझे आजोबा. त्यांनी गोळीबार चौकात चाळीस वर्षं पॉवरलूम चालवले. चौकटीला हात लावून कुठला बोल्ट ढिला ते सांगायचे. पुढे माग भंगारात गेले, हात राहिला. मग मिक्सर, कूलर, आणि एकदा पंचफुला आत्याला बघायला आलेला मुलगा. त्याच्या खांद्यावर हात ठेवून नानाजी म्हणाले, "ढिला आहे." स्थळ परत गेलं.

आमच्या कॉलेजच्या रेसकारला मोटरसायकलचं एका सिलिंडरचं इंजिन होतं. चार सिलिंडर असले की दोन पिस्टन वर जातात, दोन खाली येतात, धक्के बरेचसे आपसात मिटतात. एकटा पिस्टन मिटवणार कोणाशी? म्हणून आत त्याच्या उलट झोकणारा एक वजनदार दांडा असतो. मी तो काढून टाकला. पाऊण किलो वाचलं. गाडी मीच चालवणार होतो आणि प्राचार्य म्हणाले होते, यंदा शर्यत पूर्ण झाली नाही तर टीम बंद.

"दांडा परत टाक, अंकुर," कॅप्टन वैभवी म्हणाली. "चेसिस तडकून जाईन."

"नानाजींचा हात लागू दे वं."

"कंप मोजाचा सेन्सर लाव ना. मोबाईलमध्ये पण असते."

"मोबाईलनं चाळीस वर्षं माग चालवला काय?"

नानाजी आले. इंजिन सुरू झालं. शेजारच्या टेबलावरचे नट एकामागे एक चालत कडेला गेले आणि खाली पडले. नानाजींनी चेसिसवर तळवा ठेवला, डोळे मिटले.

"शांत आहे गा. माया हात पाह्य, हलून राहिला का?"

हात खरंच स्थिर होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैभवी नट वेचत होती.

शर्यतीत सातव्या फेरीला इंजिन चेसिसला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या तुटल्या. इंजिन माझ्या पाठीमागून निघून रस्त्यावर बसलं. मी पुढे शंभरेक फूट गेलो. अजिबात कंप नव्हता.

टीम बंद झाली. वैभवीचं शेवटचं वर्ष होतं. गाडीच्या नोंदींची तीन वर्षांची वही ती माझ्या बॅगेत टाकून गेली.

घरी नानाजी चहा पीत होते. कप बशीवर वाजत होता, चहा धोतरावर. हे आम्ही रोज बघायचो आणि 'वय झालं' म्हणायचो.

"नानाजी, हात कवापासून हलते?"

"माग बंद झाले तवापासून. चालू मशीनवर ठेवला का थांबते. मशीन जेवढी जास्त हलन, तेवढा आराम." त्यांनी बशी खाली ठेवली. "गाडी पुरली का गा शेवटपर्यंत?"

आत्या फडकं घेऊन आली आणि चहा पुसू लागली. तिचं वय आता सेहेचाळीस.

"पुरली," मी म्हटलं आणि कूलर सुरू केला. खडखड करत तो जागचा सरकला. नानाजींनी त्यावर हात ठेवला.

"चांगला आहे," ते म्हणाले.