एकतिसावी ओळ

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसत नाही, मला उंदीर कुरतडत नाहीत, माझे कोपरे दुमडत नाहीत. तरीही मी म्हातारी आहे. मी संगणकातली एक फाइल आहे. माझे नाव ‘आहार तक्ता’ आणि वय चौदा वर्षे. फाइलींमध्ये एवढे आयुष्य फार थोड्यांना मिळते.

माझा जन्म एका वृद्धाश्रमाच्या कार्यालयात झाला. तिथल्या मोठ्या बाईंनी मला दोन बोटांनी टाइप केले. त्याला तीन दिवस लागले. आश्रमात अठ्ठेचाळीस आजी-आजोबा होते आणि माझ्यात अठ्ठेचाळीस ओळी. कोणाला साखर नको, कोणाला मीठ कमी, कोणाला दूध पचत नाही, हे सगळे मला तोंडपाठ होते. रोज सकाळी सहाला स्वयंपाकघरातले आचारी, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांच्या संगणकावरच्या एका चित्रावर दोनदा टिचकी मारत. मी छापून बाहेर येई आणि भिंतीवर लागे. मामांना संगणकातले तेवढे एकच चित्र माहीत होते.

आश्रमात एक कडक नियम होता. पूर्वी कधीतरी भिंतीवर दोन कागद लागले होते आणि साखर वर्ज्य असलेल्या एका आजींना खीर गेली होती. तेव्हापासून व्यवस्थापकांनी ठरवून टाकले की तोंडी निरोप चालणार नाही, पेनाने खाडाखोड चालणार नाही आणि दुसरी प्रत चालणार नाही. मूळ तक्त्यात असेल तेच ताटात. माझा तेव्हा किती मान होता, ते यावरून कळेल.

तेरा वर्षे मोठ्या बाई मला सकाळी उघडत, काही बदल असेल तर करत आणि बंद करत. मग कामाला एक नव्या बाई आल्या. त्या पंचेचाळिशीच्या होत्या आणि आधी एका छापखान्यात काम करत होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या ओळी खोल्यांच्या क्रमाने लावल्या आणि वारलेल्या तिघांची नावे काढली. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर मोठ्या बाईंना विचारले, “बाई, इतकी वर्षं तुम्ही मेलेल्यांचाही स्वयंपाक करवत होतात का?” सगळे हसले. नव्या बाई हसल्या नाहीत, पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. त्याच दिवशी तक्त्याचे काम नव्या बाईंकडे गेले.

दुसऱ्या दिवसापासून मोठ्या बाई आठला येत, मला उघडत, मला पडद्याच्या तळाशी सारत आणि विणकाम काढत.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. मला कोणी उघडले की माझ्या शेजारी एक इवलीशी, कोणाला न दिसणारी फाइल जन्माला येते. ती म्हणजे माझा पहारेकरी. ज्याने मला उघडले त्याचे नाव त्याच्याजवळ असते. तो असेपर्यंत दुसऱ्या कोणाला माझ्यात बदल करून मला जपून ठेवता येत नाही. दुसरे लोक मला फक्त वाचू शकतात. मला बंद केले की पहारेकरी नाहीसा होतो. व्यवस्था चांगली आहे, नाहीतर दोघे एकाच ओळीवर एकमेकांचे पुसत बसतील. शिवाय पहारेकरी समोरच्याला नाव सांगतो, म्हणजे त्या माणसाकडे जाऊन ‘जरा बंद करता का’ म्हणता येते. पण आमच्या कार्यालयात संगणक बसवले त्या दिवशी दुरुस्तीवाल्याला घाई होती. त्याने सहाही संगणकांना एकच नाव दिले, ‘कार्यालय’. त्यामुळे पहारेकरी सांगे, “ही फाइल ‘कार्यालय’ यांनी उघडली आहे. तुम्हाला फक्त वाचता येईल.” आता ‘कार्यालय’ला जाऊन गाठायचे कुठे?

मोठ्या बाई जेवायला उठताना मला बंद करत आणि नव्या बाई तेवढ्या वेळात आपले काम उरकत. आठवडाभरात शिपायाला हे कळले, शिपायाने मामांना सांगितले. नव्या बाई संगणक बंद-चालू करू लागल्या की हे दोघे एकमेकांकडे बघत. रोजची करमणूक होती ती.

मग एका मंगळवारी डॉक्टरांची चिठ्ठी आली. ती माझ्या एकतिसाव्या ओळीसाठी होती. त्या ओळीत शिंपी आजोबा होते. चाळीस वर्षे कॉलर शिवून त्यांची मान कायमची डावीकडे झुकली होती. त्यांना गिळायला त्रास होऊ लागला होता. डॉक्टरांनी लिहिले होते की सगळे अन्न मऊ, वाटून द्यावे आणि चावून खायचे काहीही देऊ नये. माझ्यात मात्र त्यांच्या नावापुढे होते, ‘सर्व चालेल. नाश्त्याला सफरचंद, दोन फोडी.’

नव्या बाईंनी मला उघडले. पहारेकऱ्याने आपले वाक्य म्हटले. त्या दिवशी मोठ्या बाईंनी डबा टेबलावरच खाल्ला आणि मला बंद केले नाही.

नव्या बाईंनी खोलीत सगळ्यांना विचारले, तक्ता कोणाकडे उघडा आहे का. मोठ्या बाईंनी सुईवरचे टाके मोजून होईपर्यंत उत्तर दिले नाही.

“माझ्याकडे कशाला असेल? तुम्ही आल्यापासून मला काय काम त्या तक्त्याचं?”

शिपाई पाणी प्यायला बाहेर गेला.

नव्या बाईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो तीनला आला. माझ्या गुणधर्मांत ‘फक्त वाचनासाठी’ अशी खूण कोणी केली आहे का, हे त्याने आधी पाहिले. खूण नव्हती. मी ई-मेलने आलेली आहे का, संगणकातली जागा भरली आहे का, नव्या बाईंना लिहिण्याची परवानगी आहे का, हेही पाहिले. सगळे ठीक होते. शेवटी तो आतल्या मोठ्या संगणकाकडे गेला. मी कोणत्या टेबलावर उघडी आहे, हे तिथे मशीनच्या क्रमांकावरून स्पष्ट दिसते. त्याने ते पाहिले, मग मोठ्या बाईंच्या पाठीकडे पाहिले. त्याच्या भेटीच्या कागदावर दर वेळी मोठ्या बाईच सही करत. तो म्हणाला की एखादा जुना पहारेकरी अडकून राहिला असेल, संध्याकाळी सगळी मशीन बंद झाली की आपोआप सुटेल. मोठ्या बाईंनी सही केली.

नव्या बाईंनी माझी प्रत काढली, तिच्यात ओळ सुधारली, ती छापून मामांकडे नेली. मामांनी कागद हातातही घेतला नाही.

“ताई, मागे खिरीपायी माझी नोकरी जाता जाता राहिली. मूळच्यात येऊ द्या, मी त्यांना पेज करून घालतो.”

नव्या बाईंनी गावाला गेलेल्या व्यवस्थापकांना फोन केला. एवढेसे जमत नसेल तर मोठ्या बाईंना विचारा, असे उत्तर आले. मग त्या थेट आजोबांकडे गेल्या आणि म्हणाल्या की उद्या ताटात चावायचे काही आले तर खाऊ नका.

“चावू कशानं, बाई? दोनच दात उरलेत, त्यांचंही आपसात पटत नाही,” आजोबा म्हणाले. पण त्यांनी कबूल केले.

सगळे घरी गेल्यावर नव्या बाईंनी मला पुन्हा उघडून पाहिले. पहारेकरी जागेवरच होता, कारण मोठ्या बाईंनी फक्त पडदा काळा केला होता. टेबलाखाली त्यांच्या संगणकाचा हिरवा दिवा लुकलुकत होता. नव्या बाईंनी तो पाहिला. त्या टेबलापर्यंत आल्या, वाकल्या, हातही पुढे केला. पण दुसऱ्याच्या मशीनला न विचारता हात लावायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवा विझवून निघून गेल्या. खोलीचा दिवा.

सकाळी सहाला मामांनी दोनदा टिचकी मारली. मी छापली गेले. मित्रांनो, मला वाचता येते, ओरडता येत नाही. एकतिसाव्या ओळीत होते तेच छापले गेले. आजोबांना आदल्या दिवशीचे बोलणे आठवले नाही, किंवा सफरचंद आवडत होते म्हणून आठवले नसेल. सव्वाआठला दुसरी फोड घशात अडकली.

साडेआठला आवारात रुग्णवाहिका उभी होती. सगळे खिडकीशी धावले. मोठ्या बाई टेबलाशीच राहिल्या. त्यांनी मला वर आणले आणि बंद केले. पहारेकरी नाहीसा झाला. त्या मग खिडकीशी गेल्या.

नऊ वाजून वीस मिनिटांनी नव्या बाईंनी मला उघडले. कोणी अडवले नाही. त्यांनी एकतिसावी ओळ सुधारली आणि मला जपून ठेवले. शहाण्या माणसाने तेव्हा मला शिवलेही नसते. त्यांना वाटले, निदान दुपारच्या जेवणाला तरी ओळ बरोबर असावी.

आजोबा चौथ्या दिवशी वारले. व्यवस्थापकांनी मला उघडले आणि माझ्यावर शेवटचा हात कोणाचा, किती वाजता, ते पाहिले.

“चिठ्ठी मंगळवारी अकराची आणि दुरुस्ती बुधवारी सव्वानऊनंतरची. माणूस दवाखान्यात गेल्यावर लपवायला केलीत ना?”

नव्या बाई म्हणाल्या की फाइल उघडी होती, कोणाकडे तरी. दुरुस्तीवाल्याला विचारले. तो म्हणाला, नाव सगळ्यांचे ‘कार्यालय’च येते, साहेब, कसे सांगणार. मामांनी सांगितले की ते तक्त्याप्रमाणे वागले, आणि ते खरेच होते. शिपायाला काहीच माहीत नव्हते. नव्या बाईंनी आपला डबा आणि चष्म्याचे घर पिशवीत घातले. फाटकापर्यंत कोणी गेले नाही.

चौकशी चालू राहील म्हणून व्यवस्थापकांनी माझ्या गुणधर्मांत स्वतःच्या हाताने ‘फक्त वाचनासाठी’ ही खूण केली आणि बाकीच्यांची लिहिण्याची परवानगी काढून घेतली. आता मी खरोखर कुलपात आहे. आश्रमाने नवी फाइल केली. तिचे काम मोठ्या बाईंकडे आले.

त्या अजून कधीकधी मला उघडतात. परवाही उघडले. खाली सरकत त्या एकतिसाव्या ओळीवर आल्या. तिथे आहे, ‘मऊ, वाटून. चावायचे काही देऊ नये.’ त्यांनी ती ओळ सगळी निवडली, पुसली आणि मला जपून ठेवायला सांगितले. पडद्यावर वाक्य आले की तुम्हाला फक्त वाचता येईल. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच वाक्य आले. मग त्यांनी मला बंद केले. ओळ जागेवर आहे.

मित्रांनो, माझे मागणे छोटे आहे. काम झाले की फाइल बंद करा. दुसरा कोणी थांबला असेल तर आधी करा. आणि कोणी विचारले, ‘तुमच्याकडे उघडी आहे का’, तर टाके नंतर मोजा.