सहा आणि नऊ

यशोधराने आपला मोबाइल आईच्या ओल्या हातात कोंबला.

"वाच."

शकुबाई बंगल्याच्या काचा पुसत होती. मळवलीतल्या या बंगल्याचे मालक शनिवारी येणार होते आणि त्यांना काचेवर बोटाचा ठसाही खपत नसे. तिने फडकं खांद्यावर टाकलं, मोबाइलकडे पाहिलं न पाहिलं आणि परत पुढे केला.

"मला कुटं वाचाया येतंय? आकडे तेवढे येत्यात."

"नर्सिंगला तळेगाव मिळालंय मला. मी पहिलं नाव मुंबईचं टाकलेलं, सरकारी कॉलेज, हॉस्टेल असलेलं. कुणीतरी ते खाली नेऊन तळेगाव वर घेतलं. आता पहिली पसंती मिळाली म्हणून पुढच्या फेरीत बसता येत न्हाई."

"मंग तळेगाव काय वाईट हाय? रोज घरला येशील."

हे वाक्य सुरजचं. यशोधराचा हा मोठा भाऊ मे महिनाभर तेच ऐकवत होता. घरात सगळ्यांशी भांडून झाल्यावर यशोधराच्या बाजूला एकटी आईच उरली होती. "तू जा गं, मी हाये न्हवं," असं ती भाकऱ्या थापता थापता म्हणायची. म्हणूनच फॉर्मवर यशोधराने मुद्दाम आईचा नंबर दिला होता. पासवर्ड सुरज शोधून काढेलही, तेवढा तो आगाऊ आहे. पण ओटीपी आईच्या मोबाइलवर येणार, तिथे त्याची डाळ शिजणार नाही, अशी तिची खात्री होती.

"सुरजनं तुझा मोबाइल कधी घेतलेला?"

"न्हाई घेतला."

"खोटं नको बोलू, आई."

"न्हाई म्हंते ना. त्यो कंपनीत हुता. तितनं फोन केल्ता." शकुबाई पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागली. "मीच वाचून सांगितला मेसेजातला नंबर."

यशोधराला आधी काही कळेचना. आकडे तिनेच शिकवले होते. एप्रिलमध्ये, रोज दुपारी, ओट्यावर खडूने. सहा आणि नऊ यांत शकुबाईचा हटकून घोळ व्हायचा आणि दोघी पोट धरून हसायच्या. आईला कुणाच्या तोंडाकडे बघायची पाळी येऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

"तो काय करतोय, माहीत होतं तुला?"

शकुबाईचा हात थांबला.

"ठावं हुतं," ती काचेकडे बघतच म्हणाली. "तू गेल्याव मी त्या घरात कुणासंगं बोलू?"

सुरजने एकट्याने केलं असतं तर यशोधराने घर डोक्यावर घेतलं असतं. आपल्याला फसवलं, आणि तेही आईने, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. ओढणीने मोबाइल कोरडा करून ती बंगल्याच्या पायऱ्या उतरू लागली.

"यशे," मागून आई म्हणाली. "येक बी आकडा चुकले न्हाई गं. सहा-नऊचा बी घोळ केला न्हाई."