तोंडात थर्मामीटर

चौथीतली चिमणी रोज सकाळी पोट धरून शाळेच्या नर्सबाईंकडे येई. पोट तपासावं तर मऊ, ताप नाही, जीभ स्वच्छ. विचारलं की चादरीचा कोपरा चुरगाळत बसे.

हेडसरांनी सांगूनच टाकलं होतं, "नाटकं आहेत सगळी. शनिवारपर्यंत थांबलं नाही, तर तिला इथे पाठवणंच बंद."

नर्सबाईंच्या जिवाला घोर लागला. पोरीचं काहीतरी दुखतंय हे कळत होतं. काय, ते हाती लागत नव्हतं. जखम असती तर त्यांनी डोळे मिटून पट्टी बांधली असती.

शाळांतल्या नर्सेसना मुलांच्या मनाच्या कामात मदत करायला एक समुपदेशिका दर आठवड्याला येई. वयाने नर्सबाईंच्या लेकीएवढी. त्या दिवशी ती स्टुलावर बसून नुसती बघत राहिली. चिमणी आली. नर्सबाईंनी सवयीने तिच्या तोंडात थर्मामीटर ठेवला आणि सरबत्ती सुरू केली. "कोणी मारलं? घरी भांडण झालं? डबा खाल्लास?" चिमणी थर्मामीटर सांभाळत मान हलवत राहिली. तो वाजला.

"ताप नाही. जा वर्गात."

समुपदेशिकेला हसू आवरेना. "सिस्टर, आधी तिचं तोंड बंद करता आणि मग प्रश्न विचारता होय?"

"अगं बाई! इतकी वर्षं मी हेच करतेय?"

"थांब गं चिमणे," समुपदेशिका म्हणाली. तिने दुसरा, धुतलेला थर्मामीटर चिमणीच्या हाती दिला. "आता तू सिस्टरांचा ताप बघ."

चिमणीने मोठ्या गंभीरपणे तो नर्सबाईंच्या जिभेखाली सरकवला. "वाजेपर्यंत बोलायचं नाही हं!"

नर्सबाईंच्या घशाशी दहा प्रश्न येऊन अडकले. डोळे तेवढे मोठे झाले. चिमणी खुदकन हसली. मग हळूच म्हणाली, "बाईंनी मला मॉनिटर केलंय. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला लागतात. आता माझ्याशीच कोणी बोलत नाही."

थर्मामीटर केव्हाच वाजला होता. नर्सबाईंनी तो काढला नाही. चिमणी बोलतच राहिली.

मधल्या सुट्टीत नर्सबाई आणि समुपदेशिका वर्गशिक्षिकेकडे गेल्या. "हुशार म्हणून केलं हो मी तिला!" त्या बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. नावं लिहिणं त्याच दिवशी बंद झालं.

"आता हेडसरांना तू समजाव," नर्सबाई म्हणाल्या.

"छे! तुम्हीच बोला. मी बाजूला उभी राहते ना."

नर्सबाई अडखळत बोलल्या, पण सगळं बोलल्या. हेडसरांनी डोकं खाजवलं. "म्हणजे नाटक नव्हतं?"

"नव्हतं, सर. मलाच ऐकायला उशीर झाला."

शनिवारी चिमणी आली नाही. नर्सबाईंना राहवेना, त्या चौथीच्या दारापर्यंत गेल्या. बाई यायच्या होत्या आणि आत नुसता बाजार भरला होता. चिमणी मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकून काहीतरी सांगत होती. तेवढ्यात हेडसर ओरडायच्या तयारीने तरातरा येताना दिसले.

नर्सबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "सर, बाई येईपर्यंत बोलू द्या की."