ठमीची अंगाई

धुण्याचं मशीन टुणटुणलं आणि दुपारची शांतता मोडली. वही मिटून ती उठली, तर सासूबाई फोनवर गायक दिराचं नवं गाणं ऐकत होत्या. देशोदेशी हिंडताना म्हणे भाऊजींना आईच्या आठवणीने अंगाई सुचली! तिने लेकीसाठी रचून त्यांना कौतुकाने ऐकवलेली, शब्दन्‌शब्द तीच. चोरायलाही अक्कल लागते. लेकीचं 'ठमी' हे लाडाचं नावसुद्धा तसंच राहिलं होतं.

"पुतणीचं नाव गुंफलंय बघ. केवढी माया!" सासूबाईंनी डोळे पुसले.

"हो ना! मायेच्या भरात तुम्हाला फोन करायचंच राहतं त्यांचं," एवढं बोलून पुढचं तिने गिळलं.

ठमी डोळे चोळत आली. "आई, हे तर तू केलंयस. आजीला सांगत का नाहीस?"