टापा आणि तापी

सुरतेच्या नवागामात ऊन आधी पत्र्यावर येतं. तिथं ते बराच वेळ रेंगाळतं, खाली उतरावं की नाही याचा विचार करत असल्यासारखं. मग समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साडीतून गाळून, किंचित गुलाबी होऊन आमच्या जिन्यावर येतं. यंत्रमागांच्या लूमखात्यातून उडालेले सुताचे तंतू त्यात तरंगताना दिसतात; एरवी ते कुणाला दिसत नाहीत, नुसते नाकात जातात. उंबऱ्याशी पोहोचेपर्यंत गुलाबी रंग गळून गेलेला असतो आणि पाण्याच्या पिंपावर जे पडतं ते साधं ऊन असतं, कालच्यासारखं, कुणाचंही. पिंपावरून ते भिंतीवर सरकतं आणि आईच्या फोटोच्या काचेवर चढतं. तेवढ्या वेळापुरती फोटोत आई दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. त्या सकाळी तो उजेड सरकून आई पुन्हा दिसेपर्यंत मी उभा राहिलो, आणि मग पोह्यांची पुरचुंडी बांधली.

पोहे मलिद्याचे होते, आईच्या माणसांत नवस फेडताना मांडतात त्या ताटाचे. माझी आई मिल्का अलिबागकडची, बेने इस्राएल. मराठी बोलणारी यहुदी. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घाणा होता आणि शनिवारी तो बंद असे. परिचारिका म्हणून ती सुरतेत आली. लूममध्ये सापडलेला एक हात तिनं बांधला, आणि त्या हाताच्या माणसाशी, खानदेशातल्या हिलालशी, लग्न केलं. तिच्या माणसांनी तिचं नाव टाकलं. वडील मला योगराज म्हणत, ती योएल म्हणे. शुक्रवारी सांजवेळी ती दिवा लावी आणि सांगे, की त्यांचा प्रेषित एलियाहू हनाबी अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला, तेव्हा त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकाला टेकला. घोड्यांच्या टापा अजून उमटलेल्या आहेत, म्हणून त्या जागेलाच टापा म्हणतात. माझ्या जन्माच्या वेळी तिनं नवस बोलला होता : टाप्याला जाऊन मलिदा करीन. तो राहून गेला.

गेल्या हिवाळ्यात तिच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. जीभ जड झाली आणि तिच्या बोलण्यातून 'ट' नाहीसा झाला. वाटीला ती 'वाती' म्हणे, पाटाला 'पात'. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं बाबांचा हात धरला आणि आपल्याला कुठं न्यायचं ते सांगितलं. तो शब्द 'त'नं सुरू होत होता.

बाबांनी ऐकलं, तापी. खानदेशातला माणूस दुसरं काय ऐकणार? त्यांच्या गावाखालून वाहणारी नदीच त्यांच्या आधी सुरतेला येऊन पोहोचलेली. त्यांनी आईला तापीकाठी नेलं आणि अग्नी दिला. ज्यांच्यात माणसाला मातीत ठेवतात, त्यांच्यातल्या बाईला. केवळ एका अक्षरासाठी. त्या दिवसापासून मी बाबांशी कामापुरतंच बोलत आलो आहे. मी भांडणारा माणूस नाही. मला गप्प राहूनच विरोध करता येतो, आणि तो मी पुरेपूर केला.

"कथा चालना?" पिशवी पाहून बाबांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

"टाप्याला. आईनं सांगितलं होतं तिथं."

"तुन्ही माय तापीनं नाव लिधं, भो. मी मन्हा कानघाई आयकं."

"तिला 'ट' म्हणता येत नव्हता, बाबा."

ते वाकडी जुळलेली बोटं गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. शेजारच्या अनुसयाबाई दारात होत्या. नवागामात दार उघडं असलं की बोलणं सगळ्यांचंच असतं. आईच्या त्या शेवटच्या मैत्रीण. तिच्यासाठी शुक्रवारी वाती वळून देत.

"तुन्ही मायना देव रथवर बसी फिरे, हाई माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "मंग तो सुरतमा का नई थांबना? आठला रस्ता खराब शे म्हनीसन?"

बाबांना हसू आलं. मला आलं नाही.

"मावशी, तुम्हीही तिथं होतात. तुम्ही काय ऐकलंत?"

त्यांनी पदर सावरला. "माले बी तेच आयकू उनं, भाऊ. पन तू जाय. हाऊ नारळ लई जाय, मन्ही बहीणना नावना." माझ्या पिशवीत त्यांनी नारळ कोंबला. मी तो काढून ठेवणार होतो. हा प्रवास माझा होता, माझ्या एकट्याचा. त्यात कुणाच्या चुकीच्या ऐकण्याला जागा नव्हती. पण त्यांच्या हाताला आईच्या वातींचा वास येत असेल, असं उगाच वाटलं, आणि नारळ राहिला.

उधना स्टेशनवरून मी ठाण्याच्या मामांना फोन केला. आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिला, आई गेल्याचं कळवायला.

"कोण योगराज?" ते म्हणाले.

"योएल."

मामांनी विचारलं, "जिला जाळलंत तिच्या नावानं मलिदा करणार? बाबा रे, तो नवस तिच्याबरोबर गेला. तुझा काय संबंध?"

"मी तिचा मुलगा आहे," मी म्हणालो. "तुमच्यात मूल कुणाचं ते आईवरूनच धरतात ना?"

माझा आवाज इतका मोठा असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. बाकावरच्या बाईनं आपलं मूल जवळ ओढलं. मामांनी फोन ठेवला, आणि मी गाडीत चढलो ते जवळजवळ आनंदात. दोन्ही घरांनी नको म्हटलेल्या वाटेवर निघताना माणूस हलका होतो. खिडकीतून तापी दिसणार नव्हती, ती मागे राहिली होती. तरी मी मान उलट्या बाजूला वळवूनच बसलो.

अलिबागला रात्र काढून सकाळी खंडाळ्यात पोहोचलो. मनात धरून आलेला खडक मोठा होता. समोरचा खडक खडकाएवढाच होता, आणि त्यावर खुणा होत्या. मी वाकून एका खुणेत तळवा ठेवला. दगड उन्हानं कोमट झाला होता, पत्र्यावर येतं त्याच उन्हानं. मग पोहे भिजवले, नारळ फोडला, साखर आणि वेलची घातली, फळं मांडली, गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या. प्रार्थना मला अर्धीच येत होती. अर्धी तर अर्धी, पण मोठ्यानं म्हटली.

पलीकडे एक कुटुंब आपलं ताट मांडून बसलं होतं. त्यांच्यातली म्हातारी काठी टेकत आली आणि माझ्या ताटात सब्जाची डहाळी ठेवली.

"हे विसरलास. कुणाचा तू?"

"मिल्काचा. सुरतेहून आलोय. तिला आम्ही अग्नी दिला," मी म्हणालो. तिनं तोंड फिरवावं म्हणूनच बहुधा म्हणालो. लढायला मी तयार होऊन आलो होतो.

म्हातारीनं तोंड फिरवलं नाही. माझ्या ताटातला चिमूटभर मलिदा उचलून तोंडात टाकला. "गोड झालाय. आई यायची का रे टाप्याला?"

"नाही. पण शेवटी तिला इथंच..."

वाक्य पुरं झालं नाही. म्हातारीचा शब्द कानात राहिला होता. टाप्याला. आईही तसंच म्हणायची; तिकडची सगळीच माणसं तसं म्हणत असणार. म्हातारी आपल्या माणसांत परत गेली. मी जीभ टाळूपासून सोडवली, जड केली, आईच्यासारखी, आणि तो शब्द म्हणून पाहिला.

ताप्याला.

पुन्हा म्हटला. ताप्याला. 'ट' गेला तरी 'प्या' जागेवर होता. लकवा झालेल्या जिभेवरही तो तसाच राहिला असता. शेवटच्या आठवड्यात ती पाणी 'प्यायचंय' असं स्वच्छ म्हणत होती. इतके महिने मी पहिल्या अक्षरावर भांडत आलो, कारण तिथं मला जिंकता येत होतं. त्यापुढच्या अक्षराकडे मी कधी पाहिलं नव्हतं.

अनुसयाबाईंच्या नारळाचा तुकडा मी त्या खुणेशी ठेवला. बाबांच्या शेजारी, उशाशी मीही बसलो होतो. मीही ऐकलं होतं.

आई 'तापीला' म्हणाली होती.