उतरा, आप्पासो!

बावीस वर्सं मी जेसीबी चालवतोय. कवठे महांकाळच्या आसपासची निम्मी शेततळी ह्याच हातांनी काढल्यात. आन आता मला म्हणत्यात, धुळा, सर्टिफिकेट दाव! उंब्रजला रस्त्याचं काम निघालंय, ठेकेदार आप्पासो. दोन वर्सं बिनघोर रोजगार, पण कागूद न्हाई तर मशिनीवर बसायचं न्हाई. म्हणून आलो गपगुमान मलकापूरच्या ट्रेनिंगला, माझ्या लेकीच्या वयाच्या मास्तरीणबाईसमोर वही-पेन घेऊन.

पल्लवी मॅडम तिचं नाव. लय कडक. चालू करायच्या आधी मशिनीभोवती फिरा, तेल बघा, पट्टा लावा, हॉर्न द्या. मी म्हणलं, "मॅडम, मला झोपंतबी गियर घावतो." तर म्हणाली, "मामा, झोपेत नको, जागेपणी दाखवा." पोरं फिदीफिदी हसली. माझं डोस्कं असं तापलं म्हणता!

परीक्षेदिवशी मात्र चर असा काढला, की दोरी लावून बघा. परीक्षक लालासाहेब, फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मान डोलावली आन म्हणाले, "धुळा, त्या खांबावरचा दिवा बघायचाय. मला बकेटीत घे आन वर उचल."

मी लगीच बकेट खाली टेकवली. आवं, आमच्या गावात बकेटीत कोण बसत न्हाई? निवडून आलेला सरपंच, वरातीतला नवरदेव, चिंचा काढायला निम्मी आळी. आन वडीलधाऱ्याला न्हाई कसं म्हणायचं? पण लालासाहेबांनी पाय टाकलाच न्हाई. कागदावर लिवलं, नापास.

"तुमीच म्हणालासा की!" मी वरडलो.

"मी म्हणू दे न्हाईतर कुणीबी म्हणू दे. बकेट मातीसाठी असती. पडलो तर जीव माझा, तुरुंग तुझा."

आठ दिवसांनी एकदाच फेरपरीक्षा. ती हुकली तर उंब्रजचं काम दुसऱ्याच्या घशात.

आठ दिवसांनी परत मशिनीवर बसलो. चर काढून झाला, आता फक्त मशीन नीट लावायची, तेवढ्यात सर्टिफिकेटं वाटायला पाव्हणे आले. पाव्हणे कोण? आप्पासो! डोक्याला फेटा, गळ्यात हार. आले ते सरळ माझ्या बकेटीत चढून हुबं ऱ्हायले. "उचल रं गड्या! वरनं फोटो झकास येईल."

हे काय ठरवून केलेलं नव्हतं. मॅडमच्या तोंडचं पाणीच पळालं हुतं. लालासाहेब माझ्याकडं टक लावून बघत हुते. उचललं तर नापास. न्हाई उचललं तर ज्याच्याकडं काम मागायचं, त्याचीच चारचौघांत शोभा.

इंजन बंद केलं. चावी खिशात घातली, खाली उतरलो आन हात जोडले.

"आप्पासो, उतरा."

"मी कोण हाय, म्हाईत हाय न्हवं?"

"हाय की. तुमच्याकडंच कामाला येणार हुतो. आता नका देऊ काम, पण उतरा. पडलासा तर मला जल्मभर घास गिळायचा न्हाई."

आप्पासो लालबुंद झाले. फेटा सावरत कसंबसं खाली उतरले आन माझ्यापुढं येऊन हुबं ऱ्हायले.

"साइटवर मी रोज चढतो बकेटीत. धा ऑपरेटर हायती. आजवर एकानंबी उतरा म्हणलं न्हाई."

मग त्यांनी गळ्यातला हार काढला आन माझ्या गळ्यात घातला. "उद्या सात वाजता उंब्रजला ये. त्या धाजणांनाबी शिकीव हे."

लालासाहेबांनी सही ठोकली. मॅडम टाळ्या वाजवत पळत आली, आन मी खिशातली चावी काढून तिच्या हातात दिली. बावीस वर्सांत मोठ्या माणसाला पयल्यांदाच न्हाई म्हणलो हुतो, आन खरं सांगतो, लय झ्याक वाटत हुतं.