दोष पुड्याचा नव्हता

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच ठणकावून सांगते, मी बिघडले नव्हते. माझ्या चकत्यांवर साधा ओरखडा नव्हता, माझी मोटर ठणठणीत होती आणि मला कोणाची दृष्टही लागली नव्हती. तरीही मला आणि माझ्यासोबत एका भल्या बाईला दोषी ठरवलं गेलं. राग येणार नाही तर काय होईल?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. धुळीचा कणही आत येणार नाही अशा खोलीत माझ्या चकत्या बसवल्या. मग माझ्या डोक्यात फर्मवेअर भरलं. फर्मवेअर म्हणजे आमची जन्मघुटी. केव्हा फिरायचं, कुठे लिहायचं, कुठून वाचायचं, सगळं त्यात असतं. त्यातच एक हुकूम होता, की आपण किती तास काम केलं ते मोजत राहायचं. पण हा आकडा ठेवायला दिलेली जागा एवढीशी होती. ती भरल्यावर पुढे काय करायचं, हे शिकवायलाच ती शहाणी माणसं विसरली. मला तरी काय ठाऊक? लहानपणी जे शिकवलं तेच खरं मानून मी बाजारात आले.

मी आणि माझी जुळी बहीण म्याओलीच्या डोंगरातल्या हाक्का बोलीच्या एका लहानशा रेडिओ केंद्रात कामाला लागलो. तिथे चहाच्या मळ्यांतल्या डोंगरगाण्यांच्या जुन्या फिती होत्या. पुरुषाने एका उतारावरून गाण्यात टोमणा मारायचा आणि बाईने समोरच्या उतारावरून गाण्यातच तो परतवायचा, अशी ती गाणी. फितींना बुरशी लागली होती. संग्रह सांभाळणाऱ्या शूमानने एकेक फीत पुसून, वाजवून ती गाणी आम्हा दोघींत भरली. एक प्रत बहिणीत, एक माझ्यात. एकीला काही झालं तर दुसरी आहेच, असा हिशेब. मग सडक्या फिती फेकून दिल्या. केंद्रप्रमुख फान साहेब पाहुण्यांना आमच्यापुढे आणून म्हणत, "ही आमची तिजोरी!" तेव्हा मलाही मोठं कौतुक वाटायचं.

आमच्याकडे यंत्र बिघडू नये म्हणून त्याच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा ठेवतात. त्या खाऊचं नावच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असं आहे. पुडा हिरवाच हवा, मुदत संपलेला नको आणि तो कोणी खायचा नाही. एकदा मुदत संपत आली, दुकानात हिरवा मिळेना, म्हणून शूमानने तात्पुरता पिवळा ठेवला. आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, कार्यक्रम चालू असताना मी आणि माझी बहीण एकाच मिनिटाला थांबलो. तासांची जागा भरली होती. आम्ही दोघी एकदमच कामाला लागलो होतो, म्हणून दोघींची एकदमच भरली.

"पिवळा?" फान साहेब पुड्याकडे बघून ओरडले. "शूमान, तू पिवळा ठेवलास?"

"हिरवा संपला होता, साहेब. सोमवारी येणार होता."

"सोमवारी! आणि तोवर डिस्कांनी काय उपास करायचा?"

निवेदक खो खो हसला. शूमान हसली नाही. फान साहेबांचाही पुड्यावर खरा विश्वास होता असं मला वाटत नाही. पण गायकांच्या घरचे फोन यायला लागले होते, आणि खापर कोणाच्या तरी डोक्यावर फुटायलाच हवं होतं. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, ग्राहकाने नीट हाताळलं नसावं. झालं! रविवारी देवळाच्या अंगणात केंद्राचा वार्षिक मेळावा होता. तिथे शूमानने सगळ्यांची माफी मागायची आणि नोकरी सोडायची, असं साहेबांनी ठरवलं.

"मी माफी मागणार नाही," शूमान म्हणाली. "पुड्याने यंत्रं जगत असतील तर दवाखान्यातही पुडेच वाटा की!"

"जीभ आवर. दोन्ही डिस्का कंपनीला पाठव, बदल्यात नव्या मिळतील."

"कोऱ्या मिळतील, साहेब. गाणी नाही मिळणार."

साहेबांनी माझ्या बहिणीला स्वतः पेटीत घालून पाठवून दिलं. ती परत आली नाही. तिच्या जागी एक कोरीकरकरीत डिस्क आली, तिला एक गाणं येईल तर शपथ! मला मात्र शूमानने पिशवीत घातलं आणि सरळ बाजारातल्या वेनलुंगच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. आता ती सगळी गाणी जगात फक्त माझ्यात उरली होती.

वेनलुंग शूमानचा शाळासोबती. त्याने मला कानाशी धरलं, चालू करून पाहिलं.

"हिला धाड भरलेली नाही," तो म्हणाला. "फिरते आहे, पण बोलत नाही. आणि दोघी एकाच मिनिटाला थांबल्या म्हणतेस? झिजून मरणाऱ्या डिस्का अशा ठरवून मरत नाहीत गं. यांना घरचीच शिकवण चुकीची मिळाली आहे. तास मोजण्यात घोळ दिसतो."

"मग तास पुसून हिला जागी कर."

"करीन. पण अंदाज चुकला आणि भलतंच पुसलं गेलं, तर गाणी कायमची जातील. मला आधी खात्री हवी. यांच्या सोबतची आणखी कोणाकडे आहे का?"

होती. देवळात. त्याच विक्रेत्याकडून त्याच दिवशी आणलेली, देवाच्या मिरवणुकांचं चित्रण साठवलेली, पण देवळाचं रंगकाम चालू असताना बंद ठेवलेली. त्यामुळे तिचे तास आमच्या मागे होते. वेनलुंगने हिशेब केला. येत्या शुक्रवारी दुपारी तीही थांबणार होती.

"छान झालं!" त्याने हात चोळले. "तू आता मूग गिळून बस. ती थांबली की फान साहेबांना तिथेच उभं करू. याहून मोठा पुरावा कुठला?"

"आणि तिच्या पोटातल्या मिरवणुका?"

"त्या अडकतील. पण तू सुटशील ना!"

मित्रांनो, तेव्हा मी परत पिशवीत होते आणि मलाही वाटलं, बस गप्प बाई! तुझ्यासाठी कोण बोललं होतं? पण शूमान उठली आणि तडक देवळात गेली.

देवळाची व्यवस्था थिएन काका बघत. त्यांच्या डिस्कवर ताजा हिरवा पुडा होता, तोही देवाच्या धूपावरून तीनदा ओवाळलेला.

"काका, ही शुक्रवारी बंद पडणार. त्याआधी सगळं दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर उतरवून घ्या."

"अगं, तुझी पडली म्हणून माझी पाडतेस होय? हिला देवाचं संरक्षण आहे!"

"मग देवालाच विचारा."

काकांनी चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे घेतले आणि कौल लावला. दोन्ही ठोकळे पालथे न पडता उताणे पडून डुलत राहिले. याचा अर्थ देव हसतो आहे.

"बघ, तोही हसतो तुला!"

"मला की तुम्हाला, ते परत विचारा."

काकांनी पुन्हा टाकले. एक उताणा, एक पालथा. होकार. काका कुरकुरत म्हणाले, "देवाशीही वाद घालतेस, माझं काय चालणार!" आणि त्यांनी सगळ्या मिरवणुका दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या.

शुक्रवारी दुपारी फान साहेब मुद्दाम देवळात आले, शूमानची फजिती बघायला. वेनलुंग पडद्याकडे बोट दाखवत उभा होता. मिरवणूक चालली होती, ढोल वाजत होता, आणि ढोल मधेच थांबला. डोक्यावर ताजा हिरवा पुडा असताना ती डिस्क माझ्यासारखीच मुकी झाली.

"आता हिला काय कमी पडलं, साहेब?" थिएन काकांनी विचारलं. "पुडा हिरवा आहे, नवा आहे, धूपावरून काढलेला आहे. आणि ही पोर आधी सांगायला आली नसती तर माझ्या देवाच्या मिरवणुका गेल्या होत्या. गप्प बसली असती तर तिचाच फायदा होता, कळतंय का तुम्हाला?"

फान साहेबांनी पुडा उचलून मुदत वाचली. मग हळूच म्हणाले, "ती दुसरी कुठे आहे?"

"माझ्या पिशवीत," शूमान म्हणाली. "पाठवली नाही मी."

"बरं केलंस."

वेनलुंगला आता खात्री पटली होती. त्याने आधी देवळातल्या डिस्कवर हात चालवून पाहिला. ती बोलू लागली, तेव्हा मला घेतलं. बारीक तारा लावून तो थेट माझ्या डोक्यापर्यंत पोहोचला, अडकलेले तास पुसले, आणि मी बोलले! एकही गाणं हरवलं नव्हतं. हरवणार कसं? मी कधी सोडलंच नव्हतं.

रविवारी मेळाव्यात पहिलं गाणं माझ्यातूनच लागलं. चहाच्या उतारावरून कोणी तरुण विचारत होता, टोपली एवढी जड आहे की तुझा नखरा जड आहे? गर्दीतून पांढऱ्या केसांची एक आजी ताडकन उभी राहिली.

"मेल्या, चाळीस वर्षं झाली, अजून हेच विचारतोस?" असं म्हणून तिने थरथरत्या आवाजात गाण्यातच त्याला उत्तर दिलं. लोक हसले, रडले, दोन्ही झालं.

मग फान साहेबांनी माइक हातात घेतला. "श्रोतेहो, मी शूमानवर उगाच आळ घेतला. चूक माझी. आमच्या यंत्रात बिघाड..."

"बिघाड नाही, साहेब," शूमानने माइक ओढून घेतला. "हिला अर्धवट शिकवून ज्यांनी बाजारात पाठवलं, बिघाड त्यांच्यात आहे. त्यांनी अजून चूक कबूल केलेली नाही. उलट आपल्याच माथी मारलं. आजपासून रोज बातम्यांनंतर मी हे सांगणार. ज्यांच्याकडे या डिस्का असतील त्यांनी आजच प्रत काढा. आणि ज्यांनी त्या बनवल्या, त्यांची माफी येईपर्यंत मी थांबणार नाही."

"रोज?" फान साहेब दचकले.

"रोज."

मित्रांनो, जीव लावलेल्या गोष्टी दोन ठिकाणी ठेवा, पण त्या दोघी एकाच पोटच्या नकोत. आणि कोणी चालता चालता थांबलं, तर त्याला टाकून देण्याआधी विचारा, तुला शिकवलं कोणी? माझी बहीण असं न विचारता गेली. मी अजून केंद्रात आहे, बातम्या संपल्या की शूमान मला चालू करते. कंपनीची माफी अजून आलेली नाही, आणि शूमानने एकही दिवस चुकवलेला नाही.